कुलूप कोणी लावायचे?

कोणी किती कर्ज घेतले आणि ते वेळेवर फेडले की नाही, याची नोंदवही अमेरिकेत प्रामुख्याने इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन खाजगी कंपन्या ठेवतात. नागरिकाने हे काम त्यांच्यावर सोपविलेले नाही. त्यांच्या बाजारात तो ग्राहक नसून माल आहे. २०१७ साली इक्विफॅक्सच्या भांडारातून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. तीत नावे, जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक होते. संगणकप्रणालीतील ते भगदाड बुजविण्याचा उपाय त्या वर्षीच्या मार्चमध्येच उपलब्ध झाला होता. कंपनीने तो वेळेवर योजला नाही.

अशा माहितीच्या बळावर भामटा कर्ज काढतो आणि वसुलीचा तगादा निरपराध माणसाच्या दाराशी येतो. यावर उपाय म्हणजे आपला पतअहवाल गोठविणे. मग नव्या सावकाराला तो पाहता येत नाही, आणि तो पाहिल्यावाचून सहसा कोणी कर्ज देत नाही. पूर्वी अनेक राज्यांत कंपन्या यासाठीही शुल्क घेत. २१ सप्टेंबर २०१८ पासून संघराज्याच्या कायद्याने ते रद्द झाले. दूरध्वनीने वा इंटरनेटवरून मागणी केल्यास एका कामकाजाच्या दिवसात अहवाल गोठविणे व तासाभरात तो खुला करणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. मागणी तिन्ही कंपन्यांकडे स्वतंत्रपणे करावी लागते. तेथे राहणाऱ्या आपल्या आप्तेष्टांनी ती अवश्य करावी. मात्र जुन्या खात्यांतील अफरातफर याने थांबत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

परंतु हा जनतेचा विजय मानावा काय? २००८ च्या अरिष्टानंतर बँकांवर आलेली बंधने याच कायद्याने सैल केली. कडक देखरेखीची मर्यादा ५० अब्ज डॉलरवरून २५० अब्जांवर नेली. नागरिकाच्या हाती कुलूप आणि बँकांना मोकळे रान! २०१९ च्या तडजोडीत पीडितांना १२५ डॉलर रोख देऊ केले गेले. त्यासाठी राखलेला निधी मात्र ३ कोटी १० लाख डॉलरचा, म्हणजे अडीच लाख माणसांनाही न पुरणारा. अर्जांचा पूर येताच, हाती फारच थोडे पडेल, असे सरकारलाच जाहीर करावे लागले.

म्हणून कुलूप जरूर लावावे. पण त्यालाच न्याय समजू नये. नोंदवही मुळातच बंद असली पाहिजे आणि ज्याची नोंद, त्याच्या संमतीनेच ती उघडली पाहिजे. कंपनीच्या बेपर्वाईवर पहारा देण्याचे ओझे नागरिकाच्या खांद्यावर टाकणारी व्यवस्था कितीही तत्पर असली, तरी ती लोकशाहीची नव्हे, भांडवलाचीच राखण करते.