पळपुटे कोण?



नागपुरातला एखादा बौद्ध तरुण 'जर्मनीत राहून स्वतःचा व्यवसाय करतो' म्हणाला, की आपल्याच बैठकीत कुजबुज सुरू होते: शिकला आणि पळाला. लगेच बाबासाहेबांचं 1956 चं आग्र्याचं भाषण त्याच्या तोंडावर फेकलं जातं. धरमपेठेतली पोरं दोन पिढ्यांपासून अमेरिकेत आहेत, त्यांना कुणी पळपुटे म्हणत नाही. ते 'एनआरआय' असतात!

हा आरोप आम्हाला मान्य नाही. 1917 मध्ये बाबासाहेब लंडनहून परतले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा नव्हती; पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावलं गेलं. मुंबईत त्यांनी शेअर-रोख्यांचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली. 1920 मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठलं. त्यांनाही पळपुटे म्हणणार का?

जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम 21 जात विचारत नाही. व्यवसायाला तिथे मागणी आहे का आणि पैसा कुठून येणार, हे विचारतं. वय 45 च्या वर असेल तर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. परवाना सुरुवातीला जास्तीत जास्त 3 वर्षांचा. कागदावर सगळे सारखे. पण 'पैसा कुठून येणार' हा प्रश्नच आपल्याकडे जातीचा आहे. ज्याच्या बापाचं सीताबर्डीत दुकान आहे तो काकाची ठेव दाखवतो. आपल्या पोराकडे वडिलांचा पीएफ, तोही बहिणीच्या लग्नात अर्धा गेलेला. पुढे गिऱ्हाइकं हवीत, ती ओळखीतून येतात. परदेशातल्या आयटीत ओळखी कुणाच्या आहेत? जातिभेदाविरुद्ध कायदा करण्याची वेळ सिएटलवर 2023 मध्ये उगाच आली नाही.

एक वाट मात्र आहे. तिथल्याच विद्यापीठाची पदवी असेल आणि व्यवसाय त्या शिक्षणाशी जुळणारा असेल, तर हेच कलम मागणी सिद्ध करण्याची अट सोडून देऊ शकतं. म्हणजे दार शिक्षणातूनच उघडतं. आणि अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा किती? अख्ख्या राज्यासाठी 75! बैठकीत आवाज चढवायचाच असेल तर या आकड्यावर चढवा.

गेलेल्यांकडून हिशेब आम्हालाही हवा आहे. पण 'परत या' हा हिशेब नव्हे. तिथे स्थिरावलेल्या बांधवांनो, 14 एप्रिलच्या तुमच्या शुभेच्छा दरवर्षी पोचतात. यंदा इंदोऱ्यातल्या एखाद्या पोराला त्याच्या पहिल्या कामाचं पत्र पाठवा.