आधी प्रकाश, मग कॅमेरा

अंगावर उठलेल्या पुरळाचे छायाचित्र डॉक्टरांना मोबाइलवर पाठविणे आता नित्याचे झाले आहे. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी अशा सल्ल्याला चौकटही आखून दिली. मात्र धार, झाबुआ, खरगोनकडून इंदूरला येणारी कित्येक छायाचित्रे निरुपयोगी ठरतात. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो, प्रकाशाचा असतो. म्हणून माझे आग्रहाचे मत आहे की, महागडा कॅमेरा घेण्यापूर्वी प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने आणि फॅमिली डॉक्टरने आपल्या दवाखान्यात घरगुती प्रकाशयोजना उभारावी.

मोबाइलचा फ्लॅश अगदी समोरून पडतो. तेल लावलेली त्वचा चकाकते, फिकट लाली पुसली जाते, पुरळाचा उंचसखलपणा नाहीसा होतो. सावळ्या त्वचेवर लाली मुळातच अस्पष्ट. तेथे हे नुकसान अधिक.

उपाय दोन टेबल-लॅम्पचा आहे. दोहोंत एकाच छटेचे पांढरे एलईडी बल्ब लावावेत. त्यांचा सीआरआय ९० हून अधिक असल्यास उत्तम. भरतकामाच्या रिंगवर बटर पेपर ताणून ती दिव्यापुढे बसवावी. प्रकाशाचा स्रोत जितका मोठा आणि जवळ, तितकी सावली मऊ. दिवे दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ अंशांत ठेवावेत. पुरळाचे उंचवटे दाखवायचे असतील, तर एक दिवा मालवून दुसरा तिरका करावा व समोर पांढरा पुठ्ठा धरावा. खोलीतील ट्यूबलाइट बंद असावी, कारण दोन छटांचे प्रकाश मिसळले की रंग फसवतो. खाली करडे कापड, शेजारी मोजपट्टी एवढे पुरे. हॅलोजन तापतो, म्हणून तो बाळाजवळ नकोच. वायरी बाळाच्या हाताबाहेर असाव्यात आणि दिव्याचा झोत त्याच्या डोळ्यांवर पडू नये.

‘डॉक्टरांनी बाळ पाहावे, दिवे कशाला?’ असा आक्षेप येईल. तो अंशतः रास्तही आहे. नवजात बाळाची कावीळ छायाचित्रावरून मोजू नये. पिवळी भिंतसुद्धा तेथे दगा देते, बिलिरुबिनची तपासणीच हवी. काचेने दाबून डाग विरतो की नाही, हेही छायाचित्र सांगत नाही. परंतु तुलनेसाठी त्याला पर्याय नाही. हिमँजिओमावर प्रोप्रॅनोलॉल सुरू असताना गाठ निवळते आहे का, हे महिनोन्‌महिने पाहावे लागते. दर खेपेस प्रकाश व अंतर तेच असेल, तरच त्या तुलनेला अर्थ राहतो. नाहीतर फरक रोगाचा की दिव्याचा, हे कळणार कसे?

आणखी एक पथ्य. चेहरा आवश्यक नसेल तर टिपू नये, आणि पालकांची संमती आधी घ्यावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षिली आहे. समव्यावसायिकांच्या समूहात कुतूहलापोटी छायाचित्र फिरविणे आपल्या पेशाला शोभत नाही.

खर्च किरकोळ आणि काम एका रविवारचे आहे. दूरच्या गावच्या मुलाला इंदूरपर्यंत आणायचे की नाही, हा निर्णय अनेकदा अशा एका छायाचित्रावर ठरतो. ते स्वच्छ उजेडात घेतलेले असावे, एवढी अपेक्षा जास्त नव्हे.