सोळा तालुके, सोळा चौकटी आणि एक नियम



वेब पेज शिकवताना आपण मुलांना रंग, कडा, फॉन्ट हे सगळं सांगतो. बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयातही सीएसएस आहे. पण एकदा लिहिलेला नियम दुसरीकडे पुन्हा कसा वापरायचा, हे सांगायचं राहूनच जातं. माझं मत असं, की यालाच जास्त तास द्यावेत. बाकीचं मुलं पुस्तकात बघूनही करतात.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचंच पेज घ्या. तालुके सोळा, म्हणजे चौकटी सोळा. मूल पुसदच्या चौकटीचे नियम लिहितं, मग कॉपी-पेस्ट करून दारव्हा, दिग्रस, वणी अशी नावं बदलत जातं. पेज छान दिसतं, आपणही मार्क देऊन मोकळे होतो. पण इंग्रजी अक्षरांच्या हिशोबाने ठेवलेलं ओळींमधलं अंतर मराठीला पुरत नाही. 'पुसद'चा उकार खाली उतरतो, 'आर्णी'चा रफार वर चढतो आणि दोन ओळी एकमेकींना भिडतात. आता अंतर वाढवायचं तर सोळा ठिकाणी! दोन-तीन ठिकाणं हमखास सुटतात.

यावर पहिला उपाय साध्या सीएसएसमध्येच आहे. सोळाही चौकटींना एकच क्लास द्यायचा. पण पुढे प्रश्नांची चौकट येते, सूचनांची येते. तिथेही मराठी मजकुराचे तेच नियम हवे असतात, बाकी मात्र वेगळं. इथे प्रीप्रोसेसर कामी येतो. सॅस हा त्यातला एक. हॅम्प्टन कॅटलिन यांच्या कल्पनेतून तो 2006 मध्ये आला. 2009 मध्ये लेस आला. ब्राउझरला सॅस कळत नाही. आपण लिहिलेल्या सॅसचं आधी साधं सीएसएस तयार होतं आणि ब्राउझर तेच वाचतो.

सॅसमध्ये नियम पुन्हा वापरायच्या दोन वाटा आहेत. पहिली एक्स्टेंड. 'मराठी मजकूर' नावाने नियम एकदा लिहायचे आणि प्रत्येक चौकटीत फक्त ते नाव घ्यायचं. तयार सीएसएसमध्ये सगळ्या चौकटींची नावं स्वल्पविरामाने एकत्र येतात, नियम एकदाच राहतो. दुसरी मिक्सिन. ही आपल्या बाराखडीसारखी. काना एकदा शिकला की क, ख, ग कुणालाही लावता येतो, अक्षर तेवढं बदलतं. तसं मिक्सिनला रंग द्यायचा. वणीला कोळशाचा काळा, टिपेश्वरच्या जंगलासाठी हिरवा. यात मात्र तयार सीएसएसमध्ये नियम प्रत्येक ठिकाणी पुन्हा छापले जातात. म्हणून साधा हिशोब असा: काही बदलून द्यायचं असेल तर मिक्सिन, जसंच्या तसं हवं असेल तर एक्स्टेंड.

पण एक धोका मुलांना सांगायलाच हवा. दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून त्यांना एका नियमात बांधू नये. आज सूचनेची चौकट पिवळी आणि गृहपाठाचीही पिवळी. उद्या सूचना लाल केली आणि गृहपाठही लाल झाला, तर घोटाळाच. विचारायचा प्रश्न एवढाच: "एक बदललं तर दुसरं बदलायलाच हवं का?" हो असेल तरच नियम एक करायचा.

काही जण म्हणतील, शाळेतले कॉम्प्युटर जुने, सॅस बसवणार कोण? बरोबर आहे. म्हणून सुरुवात सॅसपासून नकोच. आधी एकच क्लास, मग साध्या सीएसएसमधले व्हेरिएबल. त्यात रंग, अंतर अशा किमती एका जागी ठेवता येतात. तेवढ्याने भागेनासं झालं की सॅस. गरज कळायच्या आधी हातात दिलं, तर मुलं त्याचंही पाठांतरच करतील.

पालकांनाही एक सांगणं आहे. मूल वेब डिझायनिंगच्या क्लासला जात असेल, तर पेज किती रंगीत झालं एवढंच बघू नका. त्याला म्हणा, "सगळ्या चौकटींच्या कडा निळ्या करून दाखव बरं." आणि किती ठिकाणी बदल करावा लागला ते मोजा. शिक्षकांनी प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत हीच चाचणी घ्यावी आणि मार्क त्याच्यावर द्यावेत. मुलांनी कोड पाठ केलाय की त्यांना तो समजलाय, हे पाच मिनिटांत कळतं.