कोरी बाटली

‘अंटार्क्टिकाच्या बर्फातही घातक रसायने!’ अशी बातमी वर्षा-दोन वर्षांतून एकदा येतेच. ती वाचून काहीजण म्हणतात, आता जगात शुद्ध काही उरले नाही. बाकीचे म्हणतात, एवढ्याशा अंशासाठी ध्रुवापर्यंत जाणे हा रिकामटेकडेपणा. माझा भाचा या दुसऱ्या पंथाचा. तो सीए आहे. "आत्या, ही रक्कम हिशेबात धरण्याजोगीच नाही," असे म्हणाला. म्हणून आज त्याला उद्देशून लिहिते आहे. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

रक्कम लहान आहे हे खरेच. ही मापे नॅनोग्रॅमची, म्हणजे ग्रॅमच्या शंभर कोटींव्या भागाची, कधी त्याहूनही लहान. खडकवासला धरण काठोकाठ भरले की त्यात १.९७ टीएमसी पाणी असते. त्यात चार-पाच मोठे चमचे साखर टाकून ती सगळीकडे सारखी विरघळली असे धरा. मग दर लिटरला साधारण एक नॅनोग्रॅम साखर येईल. ती शोधून काढायची, तीही उणे तीस अंशांत!

शोधतात कशी? मी मराठी आणि भूगोल शिकवलेली बाई, पण वाचून समजले ते असे. कित्येक लिटर पाणी होईल इतका बर्फ बंद भांड्यात वितळवायचा आणि ते पाणी एका खास राळेच्या दाण्यांमधून सोडायचे. रसायने दाण्यांना चिकटतात. मग ती द्रावकाने धुऊन काढायची, ते द्रावक आटवत आटवत थेंबभर करायचे आणि यंत्रात सोडायचे. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये तळहातावर मावेल एवढा इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर बनवला. क्लोरिनयुक्त कीटकनाशकांचे इतके सूक्ष्म अंश तोपर्यंत कुणाला दिसतच नव्हते.

पण खरी गंमत यंत्रात नाही. जो मोजायला जातो तोच मळ घेऊन जातो! तळावरच्या जनरेटरचा धूर, स्नो-स्कूटर, प्लॅस्टिकचे हातमोजे, तोंडाला लावलेले क्रीम, सगळ्यांतून काही ना काही त्या बर्फात उतरते. म्हणून तळापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचे. काचेची भांडी साडेचारशे अंशांवर भाजून न्यायची. नॉनस्टिक तव्याच्या घराण्यातली रसायने (पीफास) शोधायची असतील तर टेफ्लॉनचे झाकणसुद्धा चालत नाही.

आणि एवढे सोवळे पाळूनही ही माणसे स्वतःवर विश्वास ठेवत नाहीत, हे मला फार आवडले. ती सोबत एक कोरी बाटली नेतात. तिचा प्रवास इतर बाटल्यांसारखाच. तिथे उघडायची, बंद करायची, परत आणायची, आणि तिच्यात शुद्ध पाणी घालून तेच सगळे सोपस्कार करायचे. याला ‘ब्लँक’ म्हणतात. तिच्यात जे सापडेल तो आपला मळ. बर्फाच्या बाटलीत पाच आणि कोऱ्या बाटलीत चार निघाले, तर उरलेला एक बर्फाचाच आहे असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

हे फार सोवळे वाटत असेल तर १९६९ ची गोष्ट बघा. त्या वर्षी पीटर्ले यांनी अंटार्क्टिकाच्या बर्फात डीडीटी सापडल्याचे ‘नेचर’मध्ये लिहिले. नंतरच्या मोजण्यांत आकडे त्याहून कितीतरी पटींनी खाली आले. डीडीटी तिथे पोचले होते हे खरेच, १९६६ मध्येच ते पेंग्विनांच्या शरीरात सापडले होते. पण बर्फात किती, हा प्रश्न हात स्वच्छ करता करता सुटत गेला. माझे स्पष्ट मत असे, की ज्या बातमीत आकडा नाही आणि ब्लँकचा उल्लेख नाही, ती बातमी वाचून घाबरूही नये आणि हसूही नये. सीए मंडळींना हे मी सांगायला हवे का? व्हाउचरशिवाय नोंद तुम्ही मान्य करता का?

आता ‘एवढ्याशा रकमे’बद्दल. ही रसायने पाण्यात राहायला नाखूश, चरबीत खूश. बर्फ वितळला की समुद्रात, तिथून शेवाळात, माशात, सीलमध्ये, आणि दर पायरीला साठा वाढत जातो. १९८० च्या दशकात एरिक ड्युवाई हे डॉक्टर कॅनडात क्युबेकमधल्या मातांचे दूध तपासत होते. तुलनेसाठी स्वच्छ नमुना हवा म्हणून त्यांनी उत्तरेकडच्या इनुइट बायकांचे दूध घेतले. त्यांची ती कोरी बाटलीच म्हणा! त्यात पीसीबी निघाले दक्षिणेकडच्या बायकांच्या सुमारे पाचपट. त्या बायकांनी ते बनवलेही नव्हते आणि विकलेही नव्हते. मासे आणि सील हेच त्यांचे अन्न.

आपणही यात आहोत. लहानपणी फवारणीवाले येऊन डीडीटी मारून जात आणि भिंतीवर तारीख लिहून जात. मलेरिया हटला तो त्यामुळेही, तेव्हा मी त्याला नुसत्या शिव्या देणार नाही. बीएचसी पावडर तर मुंग्यांपासून भातशेतीपर्यंत सर्वत्र. (आमच्याकडे सगळे तिला गॅमेक्झिनच म्हणत.) ती उष्ण देशांतून उडून, थंडीत खाली बसत, थेट आर्क्टिकला पोचली. चीनने १९८३ मध्ये तिचा वापर थांबवला, आपल्याकडे १९९० च्या सुमारास तो घटला आणि १९९७ मध्ये बंदी आली. आर्क्टिकच्या हवेतले तिचे प्रमाणही तसेच पायरी-पायरीने उतरले. कोकणातल्या किंवा पंजाबातल्या शेतात काय बंद झाले ते तिकडच्या हवेने दाखवले, आणि तेही नॅनोग्रॅमहून लहान आकड्यांत. तेव्हा बाळा, ही रक्कम हिशेबात धरावीच लागेल.

पुढच्या वेळी अशी बातमी दिसली तर कात्रण जरूर पाठव. फक्त ब्लँक दिला आहे का, तेवढे आधी बघ.