चुंबळीचा इतिहास कोण लिहिणार?

रत्नागिरी जिल्हा म्हणजे नररत्नांची खाण. हे वाक्य आपण शाळेत ऐकलं, गणपतीच्या मांडवात ऐकलं, पुढाऱ्याच्या भाषणात तर दर वर्षी ऐकतो. टिळक, कर्वे, काणे. आणि हल्ली शेवटाला बाबासाहेब. रत्न यांना हवं झालंय. पण रत्न ज्या खाणीतून निघालं त्या खाणीचं नाव काढलं की यांची दातखीळ बसते.

२०२५ साली हर्णैच्या समुद्रातला सुवर्णदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. चांगलं झालं. किल्ला आमचाही आहे. त्याचे दगड काय पेशव्यांच्या कारकुनांनी डोक्यावरून वाहिले? पण सवाल वेगळा आहे. दगड वारसा होतो, तोफ वारसा होते. मग माशाच्या पाटीखालची चुंबळ वारसा का होत नाही?

दापोलीजवळचं वणंद. तिथला भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या पाट्या डोक्यावरून बाजारात न्यायचा. त्याच्या घरात १८९८ साली रमाई जन्मली. आईबाप लवकर गेले. पोरकी पोर मुंबईला आली आणि तिचं लगीन लागलं तेही भायखळ्याच्या बाजारात. कोकणच्या किनाऱ्याचा इतिहास म्हणतात तो हा. गलबतं कुणाची, आरमार कुणाचं, बंदराचा जकातदार कोण, हे सगळं छापून आलंय. पाटी कुणाच्या डोक्यावर होती ते मात्र आपल्यालाच लिहावं लागणार.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की आपलं घराणं मूळचं दापोली तालुक्यातलं. आंबडवे आज मंडणगड तालुक्यात येतं. सुभेदार रामजी पेन्शन घेऊन दापोलीलाच आले होते. त्याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली फौजेतून निवृत्त होऊन राहिले. ‘दीनबंधू’त, ‘सुधारका’त लिहीत राहिले, शास्त्र्यांना जाब विचारत राहिले. सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा १८९४ साली अर्ज लिहून भांडायला उभे राहिले तेही हेच. बाबासाहेब तेव्हा तीन वर्षांचे होते! दोस्तहो, छातीवर हात ठेवून सांगा, आपल्यातल्या किती जणांना वलंगकर ठाऊक आहेत? शिव्या फक्त दुसऱ्यांना घालून भागणार नाही.

आता रत्नागिरी शहरात या. पाहुण्याला पतितपावन मंदिर दाखवतात. १९३१ साली उघडलं, सावरकरांनी पुढाकार घेतला, भागोजीशेठ कीरांनी पैसा दिला. आणि सांगतात काय, तर इथे अस्पृश्यता मेली. मेली असेल तर गावोगाव वाडी वेशीबाहेर का राहिली? देऊळ उघडायच्या दोन वर्षं आधी, एप्रिल १९२९ मध्ये, चिपळूणच्या परिषदेत बाबासाहेब खोतीवर बोलत होते. देवाच्या पायरीपेक्षा पायाखालची जमीन मोठी, हे त्यांना कळलेलं होतं. खोत म्हणजे काय होता? सरकार आणि कुळ यांच्या मधे बसलेला बांडगूळ. अर्धेलीत पिकलेल्यातलं अर्धं त्याच्या कोठारात, वर वेठ ती वेगळीच. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती मोडायचं बिल मुंबई विधिमंडळात आणलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. त्यात महार होते तसे कुणबीही होते. बिल पास झालं नाही. खोती मोडायचा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. या लढ्याचा एक तरी खांब, एक तरी पाटी या जिल्ह्यात पाहुण्याला कोणी दाखवतो का? देवळाला गाइड आहे, मोर्चाला नाही.

आणि बुद्ध? ब्रह्मदेशचा बौद्ध राजा थिबा १८८६ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, इंग्रजांनी याच रत्नागिरीत डांबून ठेवला. त्याची कबर इथेच आहे. लोक राजवाडा बघतात, झरोके बघतात, फोटो काढतात. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला कोटजाई नदीकाठी २९ लेणी आहेत. सुरुवात बौद्ध भिक्खूंनी केली, नाथपंथी मागून आले. म्हणजे १९५६ साली आपण परक्याच्या घरात शिरलो नाही. आपण घरी परतलो.

आता एक नवीच लाट आलीय. शिमग्याच्या पालखीत महाराला अमुक मान होता, गावऱ्हाटीत तमुक मान होता, केवढी समरसता, असं गोड गोड लिहितात. मान? ज्या मानाला नाही म्हणता येत नाही तो मान नसतो, ती वेठ असते. आपल्या आज्यांनी-पणज्यांनी महारकी फेकून दिली ती उगाच नाही. फेकलेली झूल कोणी ‘वारसा’ म्हणून इस्त्री करून परत आणत असेल, तर ती अंगावर घ्यायची नाही.

मग करायचं काय? नुसतं १४ एप्रिलला डीजे लावून नाचायचं? वाडीत ज्या म्हाताऱ्या अजून आहेत त्यांच्याजवळ बसा. बंदरावर कोण जायचं, पाटीला काय मिळायचं, खोताच्या अंगणात कुठं उभं राहायचं, मुंबईला पहिला कोण गेला, विचारा. तारीख घाला, गाव घाला, लिहून काढा. कोळीवाड्यात जा, खारव्यांत, भंडाऱ्यांत, दालदी मुसलमानांत जा. मासळीचा वास त्यांच्याही अंगाला आहे आणि त्यांचाही इतिहास दुसऱ्यानेच लिहिलाय.

किल्ल्याला पुरातत्त्व खातं आहे. चुंबळीला आपल्याशिवाय कोणी नाही. ती आजी गेली की ते पान गेलं.

जयभीम!