गोळी चालू आहे का?

बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये माझं पार्लर आहे. पोरगी खुर्चीत बसली की मी आधी तिचे ओठ बघते. ओठ फाटलेले, कडांना चिरा, वर व्हॅसलिनचा थर आणि बाहेर तर थंडीचा पत्ता नाही, असं दिसलं की वॅक्सचा डबा बाजूला सारून विचारते, "पिंपलची गोळी चालू आहे का?" आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल चालू असताना वरच्या ओठाला वॅक्स लावलं तर केसांबरोबर कातडीही सोलून येऊ शकते. औषध थांबल्यावरही सहा महिने वॅक्स टाळा, असं त्वचेचे डॉक्टर सांगतात. ओठ फुटणं मात्र ही कॅप्सूल घेणाऱ्या जवळपास प्रत्येकीच्या वाट्याला येतं, त्यामुळे माझा अंदाज सहसा चुकत नाही.

बहुतेक जणी आधी "नाही" म्हणतात. मी नुसता दोरा घेऊन बसले की मग हळूच, "हो काकू, चालू आहे. पण केस का गळायलेत?"

हा प्रश्न डॉक्टरच्या टेबलावर पोचत नाही, कारण पुष्कळ जणींच्या गोष्टीत डॉक्टर नसतोच. मैत्रिणीची चिठ्ठी, मोबाईलवरचा फोटो किंवा काउंटरवर "पिंपलसाठी काहीतरी द्या" एवढ्या बोलण्यावर कॅप्सूल मिळून जाते. कायद्याने हे औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पाकिटावर इशारा छापलेला असतो, तोही इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. त्यातून पोरीला दहाची अख्खी पट्टी परवडत नाही. दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो, आणि खोकं, आतला कागद, इशारा सगळं त्याच्याच फळीवर राहतं.

केसांचं गणित तसं फार अवघड नाही. रोज पन्नास ते शंभर केस गळणं निरोगी माणसाचंही चालूच असतं. अंगाला मोठा झटका बसला की, मग तो टायफॉइड असो, बाळंतपण असो, उपासमार असो की औषध, वाढीला लागलेले बरेचसे केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकगठ्ठा गळतात. आयसोट्रेटिनॉइन हा ‘अ’ जीवनसत्त्वाचाच भाऊबंद. ते घेणाऱ्यांत थोड्या जणींना हा त्रास होतो, आणि डोस जास्त असेल तर शक्यता वाढते. गळलेला केस मी पोरींना ट्यूबलाइटखाली धरून दाखवते. टोकाला पांढरी बारीक गाठ असते. "मूळच निघालं की काकू!" म्हणून त्या रडकुंडीला येतात. ते मूळ नव्हे. मूळ खाली कातडीत शाबूत असतं आणि नवा केस तिथूनच येतो. डोस कमी झाला किंवा कोर्स संपला की बहुतेक जणींचे केस काही महिन्यांत भरून येतात.

पण कॅप्सूल आज घेतली आणि गळती दोन-तीन महिन्यांनी, मग संबंध लागणार कसा? आमच्याकडे पहिला आळ बोअरच्या पाण्यावर. मग शांपू बदलतो. मग घरातलं कुणी म्हणतं, नजर लागली. शेवटी पोरगी त्याच मेडिकलवर जाऊन केसांची गोळी मागते, आणि त्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये बऱ्याचदा ‘अ’ जीवनसत्त्व असतं. आयसोट्रेटिनॉइनबरोबर ते वरून घेऊ नये, कारण ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला की त्यानेही केस गळतात. म्हणजे आजार विकत घेतला तिथूनच उतारा घेतला, आणि उताऱ्यातही तेच! काही पोरींना मुळात पीसीओएस, म्हणजे हार्मोनचा बिघाड, असतो. पिंपल, हनुवटीवरचे केस, भांग रुंद होणं, पाळी पुढे जाणं, सगळं एकाच झाडाचं. तिथे दोष कॅप्सूलचा नसतो. रक्त कमी असलं तरी केस जातात, आणि आमच्या भागात रक्त कमी नसलेली पोरगी शोधावी लागते. हे उलगडायला डॉक्टर लागतो, पार्लरवाली नाही आणि मेडिकलवालाही नाही.

कुणी म्हणेल, मग या औषधावर बंदीच घाला. मी तसं म्हणणार नाही. गालावर गाठी होऊन कायमचे खड्डे पडणाऱ्या पोरींना याच कॅप्सूलने मान वर करून चालायला लावलेलं मी पाहिलंय. 

मला खरी धास्ती केसांची नाही, लग्नाची आहे. स्थळ बघायला यायचं ठरलं की घाई सुटते. चेहरा दोन महिन्यांत साफ पाहिजे! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. लग्न झालं की वर्षाच्या आत पाळणा हलावा ही घरादाराची अपेक्षा. आणि या कॅप्सूलने गर्भाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात गंभीर व्यंग येऊ शकतं. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर किमान महिनाभर गर्भ राहता कामा नये. अमेरिकेत हे औषध द्यायच्या आधी गर्भधारणेची चाचणी सक्तीची केली गेली. आमची पोरगी हळदीच्या दिवशीही कॅप्सूल गिळते, कारण फोटो चांगले यायला पाहिजेत. केस गळतात म्हणून ती माझ्याकडे धावत येते. गर्भाचं तिला कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून त्यासाठी ती कुणाकडेच येत नाही.

केसांपुरतं बोलायचं तर, जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना अचानक टक्कल पडू लागलं तेव्हा दिल्लीहून पथकं आली, पाणी तपासलं, रक्त तपासलं. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. गावंच्या गावं टकली झाली म्हणून शासन हललं. इथे एकेक पोरगी आपापल्या न्हाणीघरात केसांचा गुंता गोळा करते, त्याची नोंद कोण घेणार?

नोंद घ्यायची सोय आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा केंद्र सरकारचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतः तक्रार सांगू शकतो, त्यासाठी डॉक्टरच असावं लागतं असं नाही. तो क्रमांक मी आरशाशेजारी चिकटवलाय. त्याखाली लिहिलंय: पिंपलची गोळी चालू असेल तर आधी सांगा, लग्न ठरलं असेल तर डॉक्टरला आधी सांगा, अंबाजोगाईला स्वाराती सरकारी दवाखान्यात त्वचेची ओपीडी आहे.

यावर आमच्या भागातल्या एका मेडिकलवाल्या भाऊंचा निरोप आला, "ताई, गिऱ्हाईक बिथरवू नका." भाऊ, गिऱ्हाईक माझंही जातंच की. वॅक्सचे पैसे सोडून मी नुसत्या दोऱ्यावर भागवते. तुम्ही चिठ्ठी मागा. चिठ्ठी असेल तर खुशाल विका, पण पट्टी कापू नका. अख्खी द्या, खोक्यासकट द्या, आणि देताना पोरीला विचारा, लग्न कधी आहे.