उकिरड्याचा पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असं आमच्याकडं म्हणतात. आमच्या उकिरड्याला चाळीस वर्षं लागली. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याचा पांग फिटला, आणि असा फिटला की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमचं गाव गंगथडीचं. गंगा म्हणजे आमची गोदावरी. आम्ही अलीकडच्या, नगर जिल्ह्याच्या काठावर. पलीकडं निजामाचा मुलूख होता. पैठणला जायकवाडीचं धरण झालं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हातून उद्घाटन झालं. या दोन समारंभांच्या मधल्या काळात आमचं गाव उठलं. वर माळावर नवं गावठाण मिळालं आणि जुनं नाथसागराच्या पोटात गेलं. मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. घराच्या तुळया, चौकटी, जातं, उखळ, अंगणातल्या तुळशीची मातीसुद्धा आईनं बैलगाडीत घालून आणली. मागं राहिलं ते ज्याला कुणी सामान म्हणत नाही तेच. उकिरडा, मोरीचा खड्डा, राखेचा ढीग आणि पाटलाच्या वाड्यामागचा शेतखाना.

लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तो हा उन्हाळा. नाथसागर आटला आणि जुनं गाव वर आलं. आम्ही म्हातारी माणसं बघायला गेलो. मारुतीच्या पाराचे दगड, वेशीचा एक बुरूज, आणि बाकी सगळा तडकलेला गाळ. कुणाचं घर कुठं होतं यावर भांडत, हसत, मधूनच डोळे पुसत फिरत होतो. तेवढ्यात पाटलाच्या वाड्यामागं टिकावाचा आवाज आला.

शहरातली गाडी उभी होती. डोक्याला टोपी, हातात लांब सळई घेतलेले एक साहेब, आणि नव्या गावठाणातली आमचीच चार पोरं टिकाव, फावडी, घमेली घेऊन. साहेबांना काम येत होतं, हे कबूल केलं पाहिजे. सळई खुपसायची. कडक लागली तर मूळ जमीन, भसकन आत गेली तर खड्डा. सळईच्या टोकाला राखाडी माती आली की तिथं फुली मारायची. त्यांना गावातलं एक माणूस ठाऊक नव्हतं, पण गावानं घाण कुठं टाकली ते तासाभरात कळलं होतं.

गोणपाटावर बाटल्या मांडल्या होत्या. गळ्यात गोटी अडकलेल्या सोड्याच्या, शाईच्या दौती, केसांच्या तेलाच्या चपट्या, दवाखान्यातल्या मिक्श्चरच्या, आणि विलायती दारूच्या जाड बुडाच्या. गोटीची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७० च्या दशकात काढली आणि आमच्या यात्रांतून ती शंभर वर्षं फुटत राहिली. पोरं गोटीसाठी बाटली फोडायची, म्हणून अख्खी मिळाली की भाव येतो, असं साहेबच म्हणाले.

मी विचारलं, ‘‘हे कशासाठी?’’

‘‘काका, इतिहास वाचवतोय. नाहीतर पाण्यात वाया गेला असता.’’

पोरांतला एक भावकीतला. त्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला, ‘‘नाना, बाटलीमागं पन्नास रुपये देत्यात. रोजगार तरी कुठंय या दुष्काळात?’’ त्याला काय बोलणार? माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं भांडण ‘इतिहास वाचवतोय’ या वाक्याशी आहे.

आता या खड्ड्याचा इतिहास मी सांगतो, जो सळईला लागत नाही.

गावात शेतखाना एकच होता, पाटलाच्या वाड्याचा. बाकी सगळं गाव, बायाबापड्यांसकट, अंधार बघून बाहेर जायचं. आधी तो टोपलीचा होता. तेव्हा तालुक्याहून एक बाई यायची, मागच्या बोळातून. पुढच्या दारानं यायची तिला सोय नव्हती. मग खोल खड्ड्याचा शेतखाना झाला. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. वाड्यात पिणं थांबलं नाही, पण रिकाम्या बाटल्या उकिरड्यावर दिसू लागल्या तर चौकी जवळ होती. मग बाटली जाणार कुठं? जिथं कुणी हात घालणार नाही तिथं. आम्हा पोरांना हे ठाऊक होतं, कारण रात्री बुडूक आवाज यायचा. गावात दारूबंदीच्या सभेत अध्यक्ष पाटीलच असायचे.

म्हणजे त्या खड्ड्यात गावाचा कायदा होता, ढोंग होतं, जात होती. बाटली उचलून गोणपाटावर ठेवली की तिच्यात काय उरतं? काच. धुऊन पुसून ती शहरातल्या हॉटेलाच्या फडताळावर बसते, तिच्यात एक फूल खोचतात, आणि खाली पाटी लागते ‘जुन्या काळची’. कुठल्या जुन्या काळची? कुणाच्या?

खड्डा खालून वर भरत जातो. सगळ्यात खाली पणत्या आणि खापरं, त्यावर चिमणीच्या काचा, त्यावर बाटल्या, अगदी वर रेडिओचे संपलेले सेल. गावात रॉकेल कधी आलं, दवाखाना कधी आला, रेडिओ कधी आला, हे कुठल्याच दप्तरात नाही. ते त्या थरांत होतं. घमेल्यानं उपसून ढीग केला की सगळी वर्षं एकात एक मिसळली. चोपडीची पानं फाडून फक्त पुठ्ठा विकावा, तसं हे.

हे मी मनचं सांगत नाही. आमच्या शेजारच्या नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात डॉ. सांकलियांनी उत्खनन केलं. तिथं रोमहून आलेल्या मद्याच्या उंच रांजणांची, अँफोरांची खापरं मिळाली. दोन हजार वर्षांपूर्वीची रिकामी बाटलीच की ती! पण ती ज्या थरात पडली होती तिथंच नोंदली गेली, म्हणून प्रवरेकाठच्या गावाचा व्यापार कुठवर पोचला होता ते कळलं. त्याच नेवाशाला, त्याहून फार जुन्या थरात, एक लहान मूल पुरलेलं सापडलं. गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ. मण्यांच्या आत धाग्याचा कण अडकून राहिला होता आणि तपासणीत त्यात रेशीम असल्याचं नोंदलं गेलं. विचार करा, आमच्या साहेबांच्या हाती ती माळ लागली असती तर? मणी चिंचेनं घासून लख्ख केले असते. धागा मोरीत गेला असता.

दुसरं उदाहरणही आमच्याच जिल्ह्यातलं, श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल या माणसाला झुडपाची मुळं खणताना ब्राँझच्या चार वस्तू लागल्या. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचं वजन साठ किलोच्या वर. देशातला मोठा ठेवा तो. त्या माणसाचा काडीचाही दोष नाही, तो पोटासाठी खणत होता. पण त्या वस्तू थरातून मोजूनमापून निघाल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या काळाबद्दल पंडितांत वाद झाला. एवढ्या मोलाच्या वस्तूंचं वय ठरवताना अडचण येते, तिथं आमच्या सोड्याच्या बाटलीची काय कथा!

आता माझ्या पदरातला निखारा मीच दाखवतो. आमच्या गावाला जुनी पांढर होती. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती यांनी ती माती भुसभुशीत आणि कसदार झालेली असते. माझ्या लहानपणी बापानं त्या टेकाडाची माती गाड्यांनी ओढून उसाला घातली. सगळं गावच ओढायचं. मातीत मणी यायचे, खापरं यायची, कधी शिशाचं नाणं. आम्ही मण्यांनी गोट्या खेळलो. मूठभर नाणी देऊन मी तालुक्याला तंबूतला सिनेमा बघितला, आणि त्या दिवशी मला आपण शहाणे आहोत असं वाटलं होतं. नाण्यांवर काय होतं ते मला आज आठवत नाही, सिनेमा आठवतो. तेव्हा गावाला मी सोवळ्यात बसवत नाही. आम्ही अडाणीपणानं खाल्लं. पण जो पुस्तकं वाचून, सळई घेऊन, भाव ठाऊक करून येतो, त्यानं अडाणीपणाची सबब सांगू नये.

‘पाण्यात वाया गेलं असतं’ म्हणे. काच पाण्यात कुजते का? चाळीस वर्षं गाळाखाली राहून बाटल्या जशाच्या तशा निघाल्या, यातच उत्तर आलं. गाळानं सांभाळलं होतं, टिकावानं घालवलं.

आणि कायदा? शंभर वर्षांवरच्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा तर दहा रुपयांवरचा जमिनीतला ठेवा सापडला तरी कलेक्टरला कळवा म्हणतो. पण पाटलाची १९५० सालची बाटली यात कुठं बसणार? साहेबांना हे चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच ते देवळाकडं गेले नाहीत, शेतखान्याकडं गेले. कायद्याला घाणीची लाज वाटते, हे त्यांनी बरोबर ताडलं.

दुपारी व्हायचं तेच झालं. खड्डा पुरुषभर खोल गेला होता आणि कडेचा सुकला गाळ फसवा. एक धडी सुटली आणि आतलं पोर कमरेपर्यंत गाडलं गेलं. ओढून काढलं, वाचलं, पाय तेवढा मुरगळला. साहेब स्वतः खड्ड्यात उतरले नव्हते, दिवसभरात एकदाही नाही. कुठल्या आळीचं पोर उतरवलं होतं ते मी लिहीत नाही. ज्यानं आपलं गाव डोळे उघडून पाहिलंय त्याला ते कळेल. मागच्या बोळातून येणाऱ्या त्या बाईनंतर साठ वर्षांनी, त्याच खड्ड्यात. साहेबांनी पोराच्या हातावर पाचशेची नोट ठेवली, बाटल्या कागदात गुंडाळल्या आणि गाडी काढली.

जाताना वाटेत त्यांनी आमच्याही परसात सळई खुपसली होती. तिथं खड्ड्यातून मिक्श्चरच्या सात-आठ बाटल्या निघाल्या, बाजूनं कागदाची पट्टी चिकटवायच्या, पट्टीला डोसाचे कंगोरे कापलेले असायचे त्या. मी नऊ वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ तापानं गेला. बाटलीत दोन डोस उरले होते. आईनं ती बाटली उकिरड्यात खोल पुरली, कारण रिकाम्या बाटलीत गोडेतेल ठेवायची आमची रीत होती, आणि ती बाटली तिला घरात नको होती. त्या सात-आठांतली ती कुठली, मला ओळखता आली नाही. ओळखता आली असती तरी मी मागितली नसती. ती जिथं होती तिथं बरी होती.

मग काय, काहीच उकरायचं नाही? तसं मी म्हणत नाही. तेरच्या रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी गावात सापडणारी खापरं, मणी, मूर्ती आयुष्यभर जमवली, आणि तो ठेवा तेरमध्येच राहिला. आज तिथं सरकारी संग्रहालय उभं आहे. पैठणला बाळासाहेब पाटलांच्या संग्रहाचंही तसंच झालं. वस्तू गावात राहिली, कुठली ते सांगणारी माणसं भोवती राहिली. जमवणं आणि पळवणं यांत फरक आहे तो एवढाच.

माझं म्हणणं साधं आहे. जुन्या गावठाणात काही वर आलं तर आधी आहे त्या जागी फोटो काढा, कुणाच्या घरामागं, किती खोल, ते वहीत लिहा. शाळेच्या एका खोलीत कपाट ठेवा. खणायचंच असेल तर जाणत्या माणसाला बोलवा आणि पोरांना बाटलीमागं नाही, दिवसाचा रोज द्या. बाटलीमागं पैसे दिले की पोरं घाई करतात, आणि घाईत धडी सुटते. आणि शहरातल्या माझ्या वाचकांनो, तुमच्या दिवाणखान्यातल्या त्या निळ्या बाटलीचा विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, ‘ही कुठल्या गावची?’ त्याला सांगता आलं नाही, तर ती चोरीची समजा, कायदा काहीही म्हणो.

पावसाळ्यात पाणी परत आलं. पाटलाचा खड्डा, आमचा उकिरडा, सगळं पुन्हा झाकलं गेलं. पुन्हा दुष्काळ पडेल आणि गाव वर येईल, तेव्हा मी असेन-नसेन. भावकीतल्या त्या पोराला मी दोनशे पानी वही दिली आहे. पहिल्या पानावर जुन्या गावाचा नकाशा मीच काढलाय, आठवेल तसा. पाटलाचा वाडा कुठं, पार कुठं, आमचं घर कुठं. शेतखानाही दाखवलाय. मागचा बोळही.